सतरा नंबरची जागा

२० डिसेंबर, शुक्रवार

नाही रडले. माझ्या तिसरीच्या वर्गातली पोरं रडली, त्यांच्या आया रडल्या, मुख्याध्यापकाचाही आवाज दाटला — मी कोरडी ठणठणीत! दरवर्षी शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने रडणारी मीच. या वर्षी कोटा ऑक्टोबरमध्येच संपला.

भेटी म्हणून पुन्हा मगच मिळाले. इतक्या मगांतून चहा प्यायला घरात माणसं कुठून आणू?

बेव्हचा फोन. माझी धाकटी बहीण, पण बोलते दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाटीसारखी. सकाळी चालायचं, मग पोहायचं, दुपारी वाचन, संध्याकाळी चार माणसांत बसायचं. "कामात राहा, हसत राहा. आणि रोज लिहीत जा गं, मनात साठवू नकोस." बरं बाई. लिहिते.

एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा नको. ट्रेव्हर, माझा नवरा, ऑक्टोबरमध्ये मला सोडून गेला. स्वयंपाकघरात उभा राहून, हातात माझाच डिश पुसायचा रुमाल घेऊन सांगितलं. पोर्ट पिरीची कोणी बाई आहे, जोडी नावाची. म्हणाला, "कोर, मलाच या आठवड्यात कळलं. ठरवून नाही गं केलं काही." तो खोटं बोलत नाही. निदान मला तसं वाटतं. त्या एका वाक्यावर मी इतके दिवस काढले आहेत. ठरवून गेला नसेल, तर तसाच न ठरवता परतही येईल.

उद्या हार्डी बेला निघते. समुद्रकाठच्या कॅरव्हॅन-तळावरची सतरा नंबरची जागा, नाताळच्या सुट्टीतले सव्वीस उन्हाळे आमची. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून तिथली माणसं हेच आमचं गणगोत. तिथे कुणाला काही माहीत नाही, आणि मी कळू देणार नाही. 'बिचारी कोरली' म्हणवून न घेता हा एक उन्हाळा काढायचा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि जानेवारीतल्या मोठ्या ओहोटीला खेकड्यांचा दिवस असतो. तो ट्रेव्हरने कधी चुकवला नाही. त्याचे वडील वारले त्या वर्षीसुद्धा दफन उरकून थेट गाडी हाकत आला होता. येईल तो.

२१ डिसेंबर

पोचले. ब्रोकन हिलपासून इथवर कॅरव्हॅन, आमचं चाकांवरचं घर, मी एकटीने गाडीमागे ओढत आणली! 

फाटकावर ऑफिसात नोलीन. तिच्या जिभेला हाड नाही, कुणाच्या कॅरव्हॅनमध्ये काय शिजतं ते ती वासावरून सांगते आणि मग सगळ्यांना सांगते. आज मात्र किल्ली हातावर ठेवून एवढंच म्हणाली, "सतरा. तुझीच." ट्रेव्हर कुठाय, विचारलं नाही. मीच सांगून टाकलं की खाणीत इलेक्ट्रिशियन कमी पडताहेत, तो नव्या वर्षात येईल, होडी घेऊन. ती म्हणाली, "बरं." माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत होती का? चोराच्या मनात चांदणं.

मग खरी परीक्षा. गाडी मागे मागे नेत कॅरव्हॅन जागेवर उलटी घेणं हा इथला रोजचा तमाशा. पाच वाजता सगळे खुर्च्या टाकून, बियर उघडून येणाऱ्यांची गंमत बघत बसतात. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हातवारे करते, तो ऐकत नाही, मग दोघांची जुंपते, आणि प्रेक्षक दहापैकी गुण देतात. आम्हीही किती जणांना दिलेत! सव्वीस वर्षं हातवारे करणारी मी. आज स्टिअरिंगवर मी, आणि मागे कुणीच नाही. पहिल्यांदा नळाच्या खांबाला धडकले. दुसऱ्यांदा मर्व्हची टोमॅटोची कुंडी गेली.

मर्व्ह म्हणजे सोळा नंबर, आमचा शेजारी. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरून पाठ वाकलेली, आता ऐंशीला टेकला आहे. तो उठला, टोपी सारखी केली आणि मागे जाऊन उभा राहिला. "डावीकडे. अगं ते डावं नाही, दुसरं डावं! वर्गात पोरांना काय शिकवतेस?" लागली एकदाची जागेला.

पण गुण कुणी दिले नाहीत. थकलेत बहुतेक सगळे.

आत आले तर सप्टेंबरमध्ये घेतलेल्या नव्या गाद्यांचा वास. पिवळ्या. रंग ट्रेव्हरनेच निवडला — मला निळा हवा होता. म्हणाला, पिवळ्यावर सकाळचं ऊन छान दिसेल. एकीवर मी, एक रिकामी.

२२ डिसेंबर

कॅरव्हॅनला लागून कापडी कनात उभी करायला दोन माणसं लागतात. एकीने केली तर काय होतं ते आज सगळ्या कॅम्पने पाहिलं. शेवटी मर्व्हची बायको डल्सी आली, तोंडात खुंट्या धरून — तिचं वयही अठ्ठ्याहत्तर! म्हणाली, इथून सहज चालले होते. हातात हातोडा घेऊन सहज!

कॅरव्हॅनमध्ये चहा केला. तिला बाकाखाली तांब्याचं भांडं दिसलं. खेकडे उकडायचं, ट्रेव्हरचं. "हे तू आणलंस?" म्हटलं, हो, त्याला होडी आणायची आहे ना, तेवढंच ओझं कमी. डल्सी "अच्छा" म्हणाली आणि कोरडा कप पुन्हा पुसत बसली. जुनं हाड आहे, एकच काम दोनदा करते.

ही तीच डल्सी, जिने आम्हाला जन्मात कधी फोन केला नव्हता, आणि या सप्टेंबरमध्ये अचानक केला. आम्ही दोघं जेवत होतो. "नाताळात येते आहेस ना कोरली? काहीही झालं तरी ये हो." मी फोन ठेवून ट्रेव्हरला म्हटलं, म्हातारीला काय झालं कोण जाणे! आम्ही हसलो. म्हणजे मी हसले. तो मीठ शोधायला उठला होता.

संध्याकाळच्या पाचच्या बैठकीत ट्रेव्हरची हिरवी खुर्ची मांडली. एक हात चिकटपट्टीने जोडलेला. तो येईपर्यंत राहू दे मांडलेली. सगळे तिला वळसा घालून बसले.

एक विसरलेच. दरवर्षी मर्व्ह पहिल्याच संध्याकाळी विचारतो, "काय, तुम्ही दोघं मरताय कधी? सतरा मला हवी आहे!" आमच्या जागेवर झाड आहे, संबंध रांगेतलं एकुलतं, आणि समोर थेट पाणी. त्याच्या सोळावर दुपारभर ऊन भाजतं. वर्षानुवर्षं त्याचा डोळा आहे सतरावर. रिवाज असा की जागा सुटली तर पहिला हक्क शेजाऱ्याचा. यंदा त्याने तो विनोद केलाच नाही. म्हातारा खरंच थकला.

२४ डिसेंबर

सकाळी चालले. पोहले. वाचलं (तेच पान). माणसांत बसले. वेळापत्रक पूर्ण, बेव्हला कळवलं. तिने टाळ्यांची चित्रं पाठवली.

२५ डिसेंबर, नाताळ

त्रेचाळीस डिग्री. तरी डल्सीने पुडिंग उकडलंच! मर्व्ह डोक्यावर कागदाचा मुकुट, अंगात बनियन. थंड हॅम, कोळंबी, माश्या.

जेवणाआधी ते कागदी फटाके ओढायचे असतात. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, ओढलं की फट् आणि आतून मुकुट. माझ्या ताटाशी माझा फटाका. दुसरं टोक कोण धरणार हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. एवढ्याशा कागदाच्या नळीपुढे मी अडून बसले, हद्द झाली! तेवढ्यात समोरून डल्सीने आणि डावीकडून मर्व्हने, दोघांनी एकदम हात पुढे केला. मग उगीचच दोघं एकमेकांवर खेकसले. फटाका मर्व्हने ओढला. मुकुट जांभळा आला.

दुपारी ट्रेव्हरचा मेसेज. "नाताळच्या शुभेच्छा, कोर. काळजी घे." काळजी घे! जिची काळजी आपण घेणार नसतो, तिलाच असं सांगतात. तरी फोन उशीखाली ठेवला आहे. लाज वाटते, पण ठेवला आहे.

मला तो हवा आहे. त्याच्या घोरण्यासकट, खुर्चीच्या चिकटपट्टीसकट. बेव्ह म्हणते राग धर, रागाने माणूस उभं राहतं. आजूबाजूला शोधला, सापडत नाही.

२८ डिसेंबर

आजचा आनंद: दुपारी डुलकी लागली.

३१ डिसेंबर

वाळूत पोरांनी लंगड्या घातल्या, मोठ्यांनी क्रिकेट खेळलं, एका कुत्र्याने चेंडू पळवला आणि सामना बरोबरीत सुटला. मी पंच होते. शाळेतली बाई असण्याचा फायदा, कुणी हुज्जत घालत नाही. मर्व्ह सोडून. तो बाद होऊनही बॅट सोडेना. "मला संशयाचा फायदा हवा." म्हटलं, मर्व्ह, तुझी यष्टी पार कोलमडलीय, संशय कसला? म्हणाला, "वाऱ्याने पडली असेल."

बारापर्यंत थांबले नाही. जुन्या वर्षाला निरोप द्यायचा म्हणतात. मला द्यायचा नव्हता. त्यातले पहिले नऊ महिने चांगले होते.

३ जानेवारी

शॅनन म्हणून एक आई आहे रांगेच्या टोकाला. तिच्या लहानग्यांना मी उथळ पाण्यात तरंगायला शिकवते रोज. पोट वर, कान पाण्यात, आभाळाकडे बघा, आणि काहीही करू नका. "काहीही करू नका" हेच पोरांना सगळ्यांत अवघड. धाकटी आज तरंगली आणि तरंगतानाच तोंड उघडून ओरडली, "बाई, मी काहीच करत नाहीये!" आणि बुडाली. मी हसले. खरं हसले, पोट धरून, कितीतरी दिवसांनी.

आणि हसता हसता मान वळवली, त्याला सांगायला.

५ जानेवारी

खोट्याला पाय नसतात म्हणतात, माझ्या खोट्याला चाकं फुटली आहेत. आधी खाणीत माणसं कमी. मग होडीचं इंजिन दुरुस्तीला. आज पाचच्या बैठकीत म्हणाले, ट्रेव्हरची पाठ धरली आहे. कुणी विचारलंही नव्हतं! सगळे हवेबद्दल बोलत होते. डल्सी म्हणाली, "पाठीचं काय, बरी होते. हे चीज संपव बघू."

नंतर भांडी धुताना ती हळूच म्हणाली, "कोरली, आम्हाला एवढं सगळं सांगत बसू नकोस गं. येईल तेव्हा येईल." हिला संशय आला की काय? मग वाटलं, म्हाताऱ्या माणसांना तपशील नको असतात.

९ जानेवारी

केला मेसेज. तासभर शब्द जुळवले आणि शेवटी एवढाच गेला: "मंगळवारी मोठी ओहोटी. तुझं भांडं इथे आहे."

त्याचं उत्तर: "बघतो."

बघतो! नाही म्हणाला नाही!! गावात जाऊन पांढरा पाव, लोणी, लिंबं, व्हिनेगर घेऊन आले. केस कापून घेतले. कापणारीने विचारलं, काही खास? म्हटलं, खेकडे.

वेडी झाले आहे मी. वय छप्पन्न.

१२ जानेवारी

दक्षिणेचा वारा सुटला, एका तासात घामाची थंडी झाली. माझ्या कनातीच्या दोन खुंट्या उपटल्या. पळत बाहेर गेले तर मर्व्ह आधीच दोरी धरून उभा, पायजम्यात. "जा आत, केस विसकटतील नवे," म्हणाला. म्हणजे लक्षात आलं होतं केसांचं.

भांडं घासून लख्ख केलं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

लिहायला हवं. बेव्हसाठी नाही, माझ्यासाठी.

सकाळी पाणी इतकं मागे गेलं की समुद्र कुणीतरी गुंडाळून नेल्यासारखा. सगळा कॅम्प गुडघाभर पाण्यात, हातात लांब दांड्याचे पंजे, कमरेला दोरीने बांधलेली तरंगती टोपली. निळे खेकडे वाळूत दडून बसतात, दोन डोळे तेवढे वर. पंजाने अलगद उचलायचे. मला बरे सापडले. पण मी एकदा वाळूत बघत होते, एकदा रस्त्याकडे.

खेकडे उकडायचं काम सव्वीस वर्षं ट्रेव्हरचं. भांड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. इथे येताना ते पुढच्या सीटवर, पट्टा लावून आणायचा. मी मागे बसायचे! दुपार झाली, टोपल्या भरल्या, सगळे भांड्याभोवती गोळा झाले. म्हटलं, मी करते, तो येईलच इतक्यात. शेगडी पेटवली. पाणी भरलं. तेवढ्यात रस्त्यावर धूळ उडाली, पांढरी गाडी, मागे काहीतरी बांधलेलं.  गाडी फाटकातून आत वळली.

गॅसच्या टाक्या आणणारा होता.

मी खेकडे भांड्यात सोडले. झाकण ठेवलं. आणि काढले तेव्हा बघते तर पाय गळून पडलेले, मांस पाणचट. जिभेवर ठेवलं आणि कळलं — मी नळाचं पाणी घेतलं होतं! खेकडे समुद्राच्याच पाण्यात उकडायचे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. समुद्र वीस पावलांवर, आणि मी रस्त्याकडे बघत नळाखाली भांडं धरलं.

वाटलं, आता टर उडणार. वर्षभर पुरेल इतकी. उडायलाच हवी होती. पण सगळे लिंबू पिळून खात राहिले. मर्व्हने तीन खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाला, "छान झालेत."

ट्रेव्हरच्या खेकड्यांना मर्व्हने इतक्या वर्षांत "बरे आहेत" याच्या पुढे शब्द दिला नाही. त्या "छान"ने माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी सगळ्यांकडे बघितलं. सगळे ताटात बघत होते.

भांडं घासायला डल्सी आली. मी घासत होते, ती पाणी ओतत होती. मी म्हटलं, "तो येणार नाहीये, डल्सी."

"माहीत आहे, बाळा."

"गेला तो. कायमचा गेला."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

तिने पाणी ओतायचं थांबवलं. मग म्हणाली, "भांडं तुझ्याकडे दिसलं तेव्हापासून म्हण. तो येणार असता, तर हे भांडं तू आणलं असतंस होय?"

मग मी रडले. नळाशी, उकिडवी बसून, लहान मुलीसारखी. डल्सीने पातेलं बाजूला ठेवलं आणि ओल्या हाताने माझं डोकं पोटाशी धरलं. नवे केस भिजले.

१५ जानेवारी

दिवसभर पिवळ्या गादीवर पडून. खाणीतल्या पाळ्या, होडीचं इंजिन, पाठदुखी! आणि ते सगळे "बरं, बरं". कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे पोरांना फळ्यावर लिहून देणारी मीच ना?

दारात कुणीतरी अंडी ठेवून गेलं.

१७ जानेवारी

बाहेर पडले. तोंड लपवून किती दिवस! पाचच्या बैठकीला गेले तर मर्व्हने मला बघून नळाकडे बोट दाखवलं. "पाणी पिणार का कोरली? की आधी त्यात खेकडे उकडतेस?"

 डल्सीने त्याच्या पायावर पाय दिला. आणि मला इतकं हसू आलं, इतकं बरं वाटलं! पुन्हा टर उडायला लागली. म्हणजे बिचारी नाही मी अजून.

ट्रेव्हरचा मेसेज आला होता: "सॉरी, नाही जमलं. भांडं तुझ्याकडेच ठेव." दाखवला डल्सीला. ती म्हणाली, पुसून टाक. मी म्हटलं, तो वाईट नाही गं. ठरवून नाही केलं त्याने. त्यालाच त्या आठवड्यात कळलं म्हणाला. असं होतं ना माणसाचं, भरकटतं, मग ठिकाणावर येतं?

डल्सी समुद्राकडे बघत राहिली. "वारा फिरला वाटतं," म्हणाली, आणि आत गेली. वारा अजिबात नव्हता.

२१ जानेवारी

मर्व्हची शिकवणी. कनात तशीच उभी ठेवून कॅरव्हॅन तिच्यापासून सोडवली. पलीकडच्या मोकळ्या मैदानात दोन बादल्या ठेवल्या आणि मला त्यांच्यामधून कॅरव्हॅन उलटी घ्यायला लावली. पुन्हा पुन्हा. "मागे बघू नकोस, आरशात बघ." "स्टिअरिंग हळू. मेंढी धरल्यासारखं. आवळलंस की उधळते." दुपारपर्यंत बादल्या चेपल्या, मग नाही चेपल्या. बैठकीतून पहिल्यांदाच आरोळी आली, दहापैकी साडेचार!

साडेचार! ट्रेव्हरला कधी चारच्या वर मिळाले नव्हते.

सावलीत पाणी पिताना मर्व्हला म्हटलं, तू यंदा विचारलं नाहीस, आम्ही कधी मरतो ते. सतरा नको झाली का? तो म्हणाला, "ऊन चांगलं असतं हाडांना." आणि बादल्या उचलून चालू लागला.

२४ जानेवारी

आजचे आनंद: शॅननची धाकटी हात सोडून तरंगली. जांभळं. डल्सीचा रेडिओ. मर्व्हशी भांडण (मी जिंकले). दुपारभर ट्रेव्हरची आठवण आली नाही, आणि आली नाही हे आठवून आली.

२६ जानेवारी

आवराआवर. कनात उतरवली. उद्या निघायचं, शुक्रवारी शाळा. पोरांना पहिल्या दिवशी निबंध असतो, 'सुट्टीत मी काय केलं'. मी काय लिहू?

निघताना पुढच्या वर्षाची जागा नोलीनकडे सांगून जायची असते, किती माणसं तेही. दिवसभर तोच विचार. बेव्ह म्हणेल, एक सांग आणि मोकळी हो. डल्सीला विचारलं नाही.

ठरलं. दोन सांगणार. हसू दे कुणाला हसायचं ते. वर्ष मोठं असतं. जो ठरवून गेला नाही, त्याच्यासाठी दार बंद करणारी मी कोण? त्याची खुर्ची शेवटपर्यंत मांडलेली ठेवली आहे, तीही उद्याच घडी करीन.

२७ जानेवारी, सोमवार

नोलीनला म्हटलं, पुढच्या वर्षी सतरा, दोन माणसं. ती बघतच राहिली. "दोन? अगं, त्याने तर ऑगस्टमध्येच फोन करून जागा सोडली! म्हणाला, आता आम्ही येणार नाही. मी रिवाजाप्रमाणे मर्व्हला विचारलं, सतरा घेतोस का. तर म्हातारा म्हणाला, नको, कोरलीच्या नावाने ठेव, आणि तिला कळू देऊ नकोस." मग तिने तोंडावर हात ठेवला.

ऑगस्ट. पिवळ्या गाद्या सप्टेंबरमध्ये घेतल्या.

म्हटलं, नोलीन, एक माणूस लिही.

मर्व्ह सोळावर उन्हात बसला होता, पालथ्या पिंपावर. ट्रेव्हरची खुर्ची उचलली, माझ्या झाडाखाली नेऊन मांडली आणि त्याला हाक मारली. तो आला. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसला.